खाणीचे कागद गावात कसे आणायचे? नागपूर जिल्ह्यासाठी एक वाट

कोळसा काढणाऱ्या वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय नागपुरात आहे. मँगनीज काढणाऱ्या मॉयलचं मुख्यालयही नागपुरात, आणि कोळसा सोडून इतर मोठ्या खनिजांचे खाण आराखडे तपासणाऱ्या भारतीय खाण ब्युरोचंही. राज्याचं भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालय इथेच बसतं. केंद्रीय पर्यावरण मंत्रालय आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांची प्रादेशिक कार्यालयं, राज्य माहिती आयोगाचं आणि उच्च न्यायालयाचं खंडपीठ, सगळं एकाच शहरात. देशातल्या फार थोड्या खाणपट्ट्यांना अशी सोय लाभली आहे. तरीही उमरेड, सावनेर, पारशिवनी, रामटेककडे गेलं की दिसतं ते असं: ब्लास्टिंगने भिंतींना तडे गेलेल्या गावाने शेजारच्या खाणीचं मंजुरीपत्र कधी डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. उमरेडहून नागपूरला एसटीने दीड-दोन तासांत पोचता येतं. त्या शहरात पडून असलेला कागद गावाच्या चावडीवर यावा, यासाठी हा लेख आहे. खाण हवी की नको, हा प्रश्न गावागावाने आपापला ठरवावा. पण खाण चालू असेल तर तिचे नियम, तिचे पैसे आणि तिचं नुकसान गावाला कळलंच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात काहीच शंका नाही.

पहिली पायरी: पाच माणसं आणि एकच प्रश्न

सुरुवातीला मोर्चाची गरज नाही. पाच-सहा माणसं पुरतात, पण ती नीट निवडा. एक जण लिहिण्यात पक्का हवा. एक कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी हवी, कारण बरेच कागद इंग्रजीत येतात. जमीन गेलेला एक शेतकरी घ्या, आणि जमीन नसलेला एक मजूरही घ्याच, कारण त्याचं नुकसान सात-बारावर कुठेच उमटत नाही. किमान दोन बाया असाव्यात. विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यात आटलं आणि धुण्यावर काळा थर कधीपासून बसतो, हे त्यांना तारखेनिशी माहीत असतं.

मग एकच प्रश्न ठरवा. 'खाणीने आमचं वाटोळं केलं' हे खरं असलं तरी त्यावर कोणताही अधिकारी उत्तर लिहू शकत नाही. 'मंजुरीपत्रात कोळशाच्या गाड्या ताडपत्री झाकून नेण्याची अट आहे, ती पाळली जाते का?' यावर त्याला लेखी उत्तर द्यावंच लागतं. पाणी, धूळ, ब्लास्टिंग, मोबदला आणि निधी यांपैकी एक विषय धरा, तो तडीस न्या, मग दुसरा.

ग्रामसभेचा ठराव घेऊन ठेवा. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. तिथे आलेले मुद्दे इतिवृत्तात येतील हे पाहा. एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण इथे बरेच कार्यकर्ते अडखळतात. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ आणि अमरावतीच्या काही भागांत पेसा, म्हणजे आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा, लागू आहे, पण नागपूर जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही. म्हणून इथे पेसाचा दाखला देऊ नका. जंगल जमीन असेल तर २००६ चा वनहक्क कायदा मात्र इथेही लागतो.

दुसरी पायरी: कोणतं खनिज, कोणाचं दार

चुकीच्या दाराशी वर्ष जातं. कोळशाची जमीन, नोकरी आणि पुनर्वसन यांची माहिती कंपनीच्या क्षेत्रीय कार्यालयात असते. ब्लास्टिंग आणि कामगारांची सुरक्षा खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे येते. मँगनीजचा खाण आराखडा खाण ब्युरोकडे मिळतो. हवा आणि पाण्याचं संमतिपत्र प्रदूषण नियंत्रण मंडळ देतं. रेती, मुरूम आणि गिट्टी ही गौण खनिजं असल्याने जिल्हा खनिकर्म अधिकारी आणि तहसीलदार यांच्याकडे जायचं. भूजलाच्या पातळीसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. तिच्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजल्या जातात.

तिसरी पायरी: मंजुरीचं पत्र मिळवा आणि मराठीत उतरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. खाणीला मिळालेलं पर्यावरण मंजुरीचं पत्र हा तुमच्या हातातला सर्वात बळकट कागद. त्यात मंजूर क्षेत्र, वर्षाला किती टन काढायचं, आणि मग अटींची लांब यादी असते. काही अटी सर्व खाणींना सारख्या, तर काही खास त्याच खाणीसाठी. नाल्यापासून किती अंतर सोडायचं, ओबीचा, म्हणजे खाणीतून काढलेल्या माती-दगडाचा, ढीग किती उंच ठेवायचा, रस्त्यावर पाणी कधी मारायचं, झाडांचा पट्टा किती रुंद, आजूबाजूच्या विहिरी किती वेळा तपासायच्या, सगळं तिथे लिहिलेलं असतं.

हे पत्र केंद्राच्या 'परिवेश' या संकेतस्थळावर खाणीच्या नावाने शोधता येतं. जुनी पत्रं तिथे सापडली नाहीत तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या नागपूर कार्यालयातून माहिती अधिकारात मागा. ग्रामपंचायतीचं जुनं कपाटही उघडून बघा. २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेनुसार मंजुरीची प्रत स्थानिक संस्थांना देणं आणि मंजुरीची जाहिरात दोन स्थानिक वृत्तपत्रांत करणं, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं, हे कंपनीचं काम आहे.

पत्र हाती आलं की आपल्या गावाला लागू होणाऱ्या दहा-बारा अटी निवडा आणि साध्या मराठीत लिहा. 'ओव्हरबर्डन डंप' असं ठेवू नका, 'मातीचा ढीग' लिहा. हा कागद मोठ्या अक्षरांत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. गावातला माणूस स्वतः अट वाचतो तेव्हा त्याची तक्रार 'धूळ फार आहे' वर थांबत नाही. तो म्हणतो, 'टँकरने पाणी मारायचं ठरलंय, गेल्या आठवड्यात टँकर आलाच नाही.' कामाची खरी सुरुवात इथून होते.

दुसरा कागद म्हणजे कंपनीचा सहामाही अनुपालन अहवाल. अटी कशा पाळल्या हे दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला कंपनीने सादर करायचं असतं, आणि हा अहवाल सार्वजनिक दस्तऐवज आहे. मंजुरीपत्र आणि अहवाल शेजारी शेजारी ठेवून वाचा. 'पाळली', 'सुरू आहे', 'नोंद घेतली' असे शेरे दिसले तर त्यांवर खूण करा. 'नोंद घेतली' म्हणजे काम झालं असं होत नाही.

चौथी पायरी: गावाची स्वतःची नोंदवही

कंपनीकडे यंत्रं आहेत, गावाकडे रोजची नजर आहे. नजरेला वहीची जोड हवी. शंभर पानी वही घ्या आणि चार रकाने आखा: अट काय, कंपनीने अहवालात काय लिहिलं, आपण काय पाहिलं, पुरावा कुठे आहे. चौथा रकाना रिकामा राहिला तर तिसऱ्याला वजन येत नाही.

विहिरींसाठी गावातल्या चार-पाच विहिरी ठरवून घ्या, काही खाणीजवळच्या, काही लांबच्या. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, शक्य असेल तर दर महिन्याला, त्याच विहिरीची पाण्यापर्यंतची खोली टेपने मोजा. मोजायच्या आधी मोटर काही तास बंद ठेवा, नाहीतर आकडा फसवा येतो. सरकारी निरीक्षण विहिरीचे आकडे मागून आपल्या आकड्यांशेजारी ठेवा. लांबच्या विहिरी टिकून आहेत आणि जवळच्या खाली जातात, असं तीन-चार हंगाम दिसलं की प्रश्न विचारायला भक्कम जागा मिळते. एकाच उन्हाळ्याच्या आकड्यावरून खाणीला दोष देऊ नका. कमी पावसाचं कारण लगेच पुढे येईल आणि तुमची बाकीची नोंदही संशयात पडेल.

ब्लास्टिंगसाठी दर वेळची तारीख, वेळ आणि कोणत्या घरात काय हाललं हे लिहा. भिंतीच्या तड्यावर काचेची पट्टी दोन्ही बाजूंना प्लॅस्टरने बसवा आणि त्यावर तारीख टाका. तडा वाढला तर काच तडकते. इंजिनियर हीच जुनी रीत वापरतात. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात कंपनांची मर्यादा दिली आहे. कंपनीच्या मालकीच्या नसलेल्या साध्या घरांसाठी ती कंपनांच्या वारंवारतेनुसार सेकंदाला ५, १० किंवा १५ मिलिमीटर आहे. तुमच्या वहीतल्या तारखांच्या कंपनमापनाच्या नोंदी कंपनीकडे मागा. 'त्या दिवशी मोजणीच केली नव्हती' हे उत्तरही तुमच्या कामाचं आहे.

पाण्याचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यायला हरकत नाही. मात्र खटल्यात चालतो तो प्रदूषण मंडळाने कायद्यातली पद्धत पाळून घेतलेला नमुना. आपला अहवाल मंडळाला गावात आणण्यासाठी वापरा. मंडळाचे लोक आले की कुठून नमुना घ्यायचा हे तुम्ही दाखवा, आणि पंचनाम्याची प्रत मागा.

पाचवी पायरी: माहिती अधिकाराचा अर्ज

अर्ज संस्थेच्या नावाने करू नका, व्यक्तीच्या नावाने करा, कारण कायदा हा हक्क नागरिकाला देतो. माहिती का हवी हे सांगायची सक्ती नाही. राज्याच्या कार्यालयासाठी अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, केंद्राच्या कार्यालयासाठी १० रुपयांची पोस्टल ऑर्डर किंवा ऑनलाइन भरणा. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही, दाखला जोडा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत बसणारा हवा. केंद्राकडे ५०० शब्दांपर्यंत चालतो.

मतं विचारू नका, दस्तऐवज मागा. 'धूळ का होते?' याला उत्तर येत नाही. असं लिहा:

'मौजा (गाव), तालुका (नाव) लगतच्या (खाणीचं नाव) या खाणीबाबत १ एप्रिल २०२३ पासून आजपर्यंतच्या खालील कागदपत्रांच्या प्रती द्याव्यात. (१) पर्यावरण मंजुरीच्या अटींचे सहामाही अनुपालन अहवाल. (२) आपल्या कार्यालयाने केलेल्या स्थळपाहणीचे अहवाल. (३) कंपनीला दिलेल्या नोटिसा आणि त्यांना आलेली उत्तरं. (४) वरील विषयाची संपूर्ण फाइल पाहण्याची परवानगी.'

चौथा मुद्दा वगळू नका. फाइल पाहताना टिपणं आणि शेरे दिसतात, आणि कोणती प्रत मागायची राहिली तेही कळतं. पहिल्या तासाला फी नसते. राज्याच्या जिल्हास्तरीय कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा शासनाचा २०१८ चा निर्णय आहे. तो छापून सोबत न्या.

उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत दुसरं. राज्याच्या कार्यालयाविरुद्धचं दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे जातं, कोळसा कंपनीविरुद्धचं मात्र दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे. 'व्यावसायिक गुपित' म्हणून नकार आला तर लिहा की ही माहिती सार्वजनिक अटीच्या पालनाची आहे आणि जनहित मोठं आहे. कायद्याने जनहिताची वाट मोकळी ठेवली आहे.

सहावी पायरी: पैसा कुठे गेला

खनिजाच्या पैशातून बाधित गावांना वाटा मिळावा म्हणून २०१५ साली खाण कायद्यात दुरुस्ती झाली आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. १२ जानेवारी २०१५ च्या आधीच्या खाणपट्ट्यांनी स्वामित्वधनाच्या, म्हणजे सरकारला द्यायच्या रॉयल्टीच्या, ३० टक्के, नंतर लिलावाने दिलेल्यांनी १० टक्के रक्कम या प्रतिष्ठानात भरायची. रक्कम केवढी होते हे उदाहरणाने बघा. समजा कोळशाचा भाव टनाला २,००० रुपये. १४ टक्क्यांनी स्वामित्वधन २८० रुपये, त्याचे ३० टक्के म्हणजे ८४ रुपये. खाणीने वर्षात १० लाख टन काढला तर एका वर्षाचे ८ कोटी ४० लाख रुपये होतात. आता आपल्या गावात या पैशातून काय झालं ते आठवा.

हा निधी कशावर खर्च करायचा हे प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. २०२४ च्या सुधारित सूचनांनुसार किमान ७० टक्के रक्कम पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, प्रदूषण नियंत्रण, महिला-बालकल्याण अशा अग्रक्रमाच्या कामांवर जायला हवी. रस्ते आणि इमारती उरलेल्या भागातून.

जिल्हाधिकारी कार्यालयातून तीन याद्या मागा: बाधित म्हणून जाहीर झालेली गावं, खाणनिहाय जमा रक्कम, आणि कामनिहाय मंजूर रक्कम, खर्च, ठिकाण, ठेकेदार. पहिल्या यादीत तुमचं गाव आहे का ते आधी पाहा. नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून तेच काम धरा. यादीत गाव असेल तर कामांची यादी घेऊन गावातून फिरा. पाण्याची टाकी लिहिली आहे तर टाकी कुठे, तिच्यात पाणी येतं का, तपासा. फोटो काढा. पुढच्या ग्रामसभेत यादी वाचून दाखवा आणि पुढच्या वर्षाची मागणी ठरावानेच पाठवा. शाळेची रंगरंगोटी मागू नका. धूळ खाणाऱ्या गावाने फुप्फुसांची नियमित तपासणी आणि शुद्ध पाणी आधी मागावं, असं माझं ठाम मत आहे.

जमीन गेली त्यांचं, आणि जमीन नव्हती त्यांचंही

कोळशासाठी जमीन बहुतेक १९५७ च्या कोळसा क्षेत्र संपादन कायद्याने जाते. कलम ७ ची अधिसूचना निघाली की हरकतीला ३० दिवस असतात. ती राजपत्रात निघते, गावात दवंडी होतेच असं नाही. म्हणून कलम ४ ची, म्हणजे पूर्वेक्षणाची (जमिनीत कोळसा आहे का ते शोधण्याची), अधिसूचना निघाल्यापासूनच लक्ष ठेवा. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातल्या मोबदल्याच्या आणि पुनर्वसनाच्या तरतुदी २०१५ पासून या संपादनालाही लागू आहेत. त्या कायद्यातली 'बाधित कुटुंब' ही व्याख्या वाचा: संपादनाआधी तीन वर्षं त्या भागात राबणारे शेतमजूर, कुळं, बटईदार हेही तिच्यात येतात. त्यांची नावं कोणी आपणहून लिहीत नाही. सर्वेक्षण गावात येण्याआधी तुमच्या गटाने अशा कुटुंबांची यादी करून ग्रामसभेत मंजूर करून घ्या. नंतर नाव घालायला दमछाक होते.

जनसुनावणी: दोन तासांसाठी महिनाभर तयारी

२०२३ साली कोराडीच्या नव्या वीजसंचांची आणि गोंडखैरीच्या भूमिगत कोळसा खाणीची, अशा दोन जनसुनावण्या जिल्ह्यात गाजल्या. गर्दी, घोषणा, विरोध सगळं झालं. घोषणांचा उपयोग आहे, पण फाइलमध्ये शिरतो तो लेखी मुद्दा.

सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी वृत्तपत्रांत यायला हवी, त्यात एक स्थानिक भाषेतलं. पर्यावरण परिणाम अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, प्रदूषण मंडळ इथे पाहता येतो. त्याचा सारांश मराठीत उपलब्ध असतो, पण सारांशावर थांबू नका. मूळ अहवालात तुमच्या भागाचा नकाशा काढा. आपला नाला त्यात दिसतो का? शाळा दिसते का? गाड्यांचा मार्ग कोणत्या गावातून दाखवला आहे? जी विहीर तपासली म्हणतात ती खरंच आहे का, आणि तिच्या मालकाला कोणी विचारलं होतं का? अशा एका चुकीने अख्ख्या मोजणीवर प्रश्न उभा राहतो.

बोलायचे मुद्दे आपसांत वाटून घ्या. एकाने पाणी, दुसऱ्याने रस्ता, तिसरीने आरोग्य. प्रत्येकाने लेखी निवेदन द्यावं आणि पोच घ्यावी. सुनावणीचं चित्रीकरण सक्तीचं आहे, आणि इतिवृत्त त्याच दिवशी स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं असतं. थकून घरी जाऊ नका, वाचन होईपर्यंत बसा आणि राहिलेला मुद्दा तिथेच सांगा. कोळसा खाणींच्या काही विस्तारांना सुनावणीतून सूट मिळते, म्हणून 'परिवेश'वर दर महिन्याला नजर टाकत राहा.

रेतीघाट

कन्हान असो की वैनगंगा, रेतीचं काम कोळशापेक्षा जास्त जपून करावं लागतं, कारण इथे समोरचा माणूस ओळखीचा आणि जवळचा असतो. राज्याचं रेती धोरण वरचेवर बदलतं, तेव्हा चालू शासन निर्णय आधी काढा. घाटाचा लिलाव आदेश, पर्यावरण मंजुरी, सीमांकनाचा नकाशा आणि जिल्हा सर्वेक्षण अहवाल तहसीलमधून किंवा खनिकर्म शाखेतून मिळवा. वाहतुकीचे परवाने 'महाखनिज' प्रणालीतून निघतात. मंजूर ब्रास आणि निघालेले परवाने यांचा मेळ घाला. उपग्रहाची जुनी-नवी छायाचित्रं संगणकावर मोफत पाहता येतात. नदीचं पात्र कुठे खोदलं गेलं ते त्यात दिसतं. अवैध उत्खननाला जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. तक्रारीत हे कलम लिहा.

रात्री घाटावर जाऊ नका. टिप्पर अडवू नका. तक्रार एकट्याच्या सहीने देऊ नका, ग्रामसभेच्या ठरावाने किंवा अनेक सह्यांनी द्या. धमकी आली तर त्याच दिवशी पोलिसांत लेखी द्या आणि प्रत जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा.

दाद कुठे मागायची

क्रम पाळा: आधी कंपनी आणि संबंधित कार्यालय, मग जिल्हाधिकाऱ्यांचा लोकशाही दिन, जो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. तिथे काही झालं नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ, पुण्यात. मंजुरीविरुद्धच्या अपिलाला ३० दिवस मिळतात, सबळ कारण दाखवलं तर आणखी ६०. इतर पर्यावरणीय वादांसाठी ६ महिने, नुकसानभरपाईसाठी ५ वर्षं. नुकसानभरपाई मागितली नसेल तर अर्जाची फी १,००० रुपये आहे. स्वतः बाजू मांडता येते, पण एखादा वकील सोबत असलेला बरा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत मदतीसाठी अर्ज करता येतो.

अपिलाचे ३० दिवस मंजुरीचा आदेश कळवला गेल्यापासून मोजतात. म्हणून मंजुरीच्या जाहिरातीचं कात्रण तारखेसह फाइलला लावा, आणि ती फाइल एकाच घरात ठेवू नका. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक गटातल्या कोणा बाईकडे, आणि फोटो सगळ्यांच्या फोनमध्ये.